मागची सीट

"डोळे मिटा बाबा, चीटिंग करायची नाही," असं म्हणत नीरजने गाडीवरची चादर ओढली आणि बिल्डिंगखाली जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुचेतानेही वाजवल्या. चादर घरातलीच होती, निळ्या फुलांची. ती खाली सांडलेल्या ऑइलमध्ये लोळताना बघून तिच्या मनात आलं, झालं, आता हे डाग मीच काढत बसायचे. मग तिने मान वर केली आणि चादर विसरली.

गाडी त्यांचीच होती. टाकीवरचा खळगा तोच होता, लालबागहून इकडे मीरा रोडला सामान हलवताना कपाट आपटलं तेव्हाचा. पण मरून रंग जाऊन तव्यासारखा काळा आला होता. लांब सीट गेली होती आणि तिच्या जागी पाटाएवढी एक तपकिरी गादी होती, मागून वर उचललेली. मागचं मडगार्ड अर्धं कापलेलं. चेनवरचं कव्हर गायब. डाव्या बाजूला साडी गार्डची जाळी असायची आणि जाळीखाली तिचे पाय ठेवायच्या पट्ट्या असायच्या. तिथे आता काहीच नव्हतं. मागच्या चाकाचे आरे उघडे दिसत होते.

"रिटायरमेंट गिफ्ट!" नीरज म्हणाला. "हाटकेशला बंटीचं गॅरेज आहे ना, त्याने केलीय. बोला बाबा, कशी वाटतेय?"

बबन आदल्या दिवशी रिटायर झाला होता. औषधांच्या कंपनीत जन्मभर फिटरकी केलेला माणूस. तो गाडीभोवती फिरायला लागला तो नव्या नवरीभोवती फिरावं तसा. "अरे, डिस्क ब्रेक टाकला? पॉइंट काढले का रे? इलेक्ट्रॉनिक बसवलं? वा! बारा व्होल्ट! आता लाइट कशी पडेल!" एकेका गोष्टीला हात लावत होता आणि हसत होता. सुचेताही आधी हसलीच. ठिणगी पाडणाऱ्या त्या जुन्या पॉइंटांनी पावसाळ्यात किती रडवलंय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? गाडी बंद पडायची, बबन किक मारून मारून घामाघूम व्हायचा आणि ती प्लास्टिकची पिशवी डोक्यावर धरून शेजारी उभी असायची. आणि पुढचा ब्रेक तर नावालाच ब्रेक होता. बदलला ते उत्तमच केलं.

"स्टार्ट करा काका!" कुणीतरी ओरडलं.

पहिल्या किकला गाडी चालू झाली. बबन त्या पाटावर बसला आणि चक्कर मारायला निघाला.

आणि इथे सुचेताच्या पायांनी घात केला. बबनने गाडी चालू केली की तिने वॉचमनच्या केबिनच्या ओट्यावर जाऊन उभं राहायचं, ही इतक्या वर्षांची सवय. तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओने बारीक झालेला, उजव्यापेक्षा आखूड. जमिनीवरून तिला गाडीवर चढता यायचं नाही. म्हणून बबन गाडी ओट्याला लावायचा, ती पाठमोरी व्हायची, मागे हात नेऊन सीटमागचा दांडा पकडायची आणि अलगद बसायची. आज ती गर्दीतून वाट काढत आपोआप ओट्याकडे गेली. चक्कर मारून बबननेही गाडी आपोआप ओट्यालाच आणली. ती पाठमोरी झाली. हात मागे नेला.

हाताला काही लागलं नाही.

"अहो काकू, सिंगल सीट आहे आता!" पहिल्या मजल्यावरच्या ममताताई म्हणाल्या आणि सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले, पण हसले. वॉचमन महिपत धावत खुर्ची घेऊन आला. "बसा काकी, बसा." भर कंपाउंडात, सगळ्यांच्या देखत, प्लास्टिकची खुर्ची! सुचेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बबनने मागे वळून गादी बघितली, मग तिच्याकडे बघितलं आणि त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. पण तेवढ्यात कुणीतरी फोटो काढायला बोलावलं आणि तो गेला. गेला!

*

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या सीटचं? रिक्षा आहेत, कॅब आहेत, बस आहे. नीरजनेही जेवताना तेच सांगितलं.

"आई, मी तुला कॅब बुक करून देईन ना. जिथे जायचं तिथे. एसीमध्ये बसून जा. या वयात त्या गाडीवर मागे बसून कंबर मोडून घ्यायचीय का तुला?"

"माझी कंबर मी बघीन."

"अगं, पोराने हौसेने केलंय," बबन भात कालवत म्हणाला. "त्याचं मन कशाला मोडतेस?"

"त्याचं मन मोडतंय. आणि माझं काय काय मोडलं, ते बघितलं का कुणी?"

"तसं नाही गं. बंटीने बघ, जुन्या गाडीचे जेवढे वीक पॉइंट होते ना, सगळे शोधून काढून टाकलेत."

"हो का?" सुचेता म्हणाली. "मग बरोबर आहे. मलाही काढलं."

नीरज म्हणाला, "आई, तू पण ना, काहीही!" आणि मोबाइल बघायला लागला.

काहीही! तिडीक गेली तिच्या डोक्यात. तिने ताट उचललं आणि आत गेली. काय सांगायचं या दोघांना? की रस्त्यात उभी असते तेव्हा येणारा-जाणारा आधी तिचा पाय बघतो, मग तोंड बघतो? बाजारात भाजीवाली "बसून घ्या मावशी" म्हणते, बसमध्ये कंडक्टर हाताला धरून चढवतो, कॅबचा ड्रायव्हर आरशातून हळूच बघतो की बाई पाय आत कसा घेते. सगळे चांगलेच वागतात. त्या चांगुलपणानेच जीव नकोसा होतो. आणि गाडीवर बसली की? साडीचा काठ जाळीवर, दोन पाय दोन पट्ट्यांवर, उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर. बघणाऱ्याला एक बाई दिसते. गाडीवर मागे बसून चाललेली कुठलीही एक बाई. बस्स. एवढंच पाहिजे होतं तिला, आणि सगळ्या मीरा-भाईंदरमध्ये एवढंच मिळायची तिची ती एक जागा होती.

ती जागा बबननेच केली होती, हे आणखी वर. लग्नानंतर ती पहिल्यांदा मागे बसायला लागली तेव्हा डावा पाय पट्टीपर्यंत पोचायचाच नाही, लोंबकळत राहायचा. लालबागला एका स्पीडब्रेकरवर तो जाळीवर असा आपटला की घोटा सुजून भोपळा झाला. रविवारी बबनने गाडी मेन स्टँडवर लावली, तिला वर बसवलं, खाली उकिडवा बसला आणि सुतळी घेऊन तिच्या टाचेपासून खालच्या पाइपपर्यंत माप घेतलं. "हलू नको गं." पुढच्या रविवारी कंपनीतून लोखंडी पट्टी वाकवून आणली, वर स्कूटरच्या मॅटचं रबर चिकटवलेलं. उजवी पट्टी खाली, डावी पट्टी वर. पाय असा टेकला तिचा, जसा जमिनीवरही कधी टेकला नव्हता. लालबागच्या चाळीतल्या बायका विचारायच्या, हे असं तिरकं काय बसवलंय? ती सांगायची, "कंपनीतूनच तसं येतं." आणि मान वर करून बसायची.

त्या पट्टीवर बसून तिने ती गाडी अशी ओळखली होती की बबनलाही कधी जमलं नसेल. चालवणाऱ्याला हँडल कळतं, मागे बसणाऱ्याला बाकीची सगळी गाडी कळते. वळणावर मागचं चाक जरा लटपटलं की ती म्हणायची, "अहो, बुश गेलं वाटतं." तो म्हणायचा, छे. मग मेकॅनिक उघडून म्हणायचा, बुश गेलंय. चेन सैल झाली की ती खांद्यावर थाप मारायची, दोनदा. तो लगेच गाडी बाजूला घ्यायचा. "काय वाजतंय गं?" हा तर त्याचा नेहमीचा प्रश्न, मान किंचित मागे करून विचारलेला. आणि तिला ठाऊक असायचं. दर वेळी ठाऊक असायचं.

आणि हाच माणूस आज एकट्याच्या सीटवर बसून कंपाउंडात मिरवून आला.

*

सकाळी तारोडीहून फिलोमीनचा फोन आला. सुचेता ब्लाउज शिवायची, आणि दर रविवारी ते दोघं गाडीवरून तारोडीला जाऊन तिथल्या बायकांचे शिवलेले ब्लाउज देऊन यायचे, येताना मासे आणायचे. हाही बिऱ्हाड इकडे आल्यापासूनचा रिवाज.

"सुचेताबाय, माजा झंपर झाला हाय का न्हाय? आज सांजला बारसा हाय माज्या नातवाचा. येतंस ना?"

"येते," सुचेता म्हणाली. "झालाय तुझा ब्लाउज. येते मी."

बबन घरात नव्हता. गाडी घेऊन कुणाला तरी दाखवायला गेला होता. तिने ब्लाउज पिशवीत घातला, काठी घेतली आणि खाली येऊन रिक्षा केली. पण तारोडीला नाही, आधी हाटकेशला.

इंडस्ट्रियल गाळ्यांच्या रांगेत शेवटचं गॅरेज बंटीचं. रविवार असूनही उघडं होतं, उलट रविवारीच जास्त गर्दी. दारात दोन-तीन गाड्या सोलून ठेवलेल्या. बंटी दाढी कोरलेला, हातभर गोंदलेला, पण आवाज एकदम गोड.

"या आंटी, या. अंकलची गाडी कशी चालतेय? मस्त ना?"

"माझ्या पट्ट्या कुठायत?"

"कुठल्या पट्ट्या?"

"साडी गार्डच्या. पाय ठेवायच्या. कुठे टाकल्यास?"

बंटी डोकं खाजवायला लागला. "आंटी, वो तो स्क्रॅपमध्ये. उद्या भंगारवाला नेणार."

"उद्या ना? मग आज असतील. दाखव."

गाळ्याच्या मागे कोपऱ्यात ढीग होता. सायलेन्सर, मडगार्ड, कुणाकुणाची हँडलं, चेनची कव्हरं. रिक्षावाला दारात थांबून बघत होता. सुचेताने काठी भिंतीला टेकवली, पदर खोचला आणि ढिगात हात घातला. "अहो आंटी, हात कापेल, मी काढतो," म्हणत बंटी पुढे आला. "लांब हो," ती म्हणाली आणि तो लांब झाला. जाळी सापडली, चेपून पापड झालेली. खालची उजवी पट्टी सापडली नाही. डावी सापडली. वरची. रबर झिजून मध्ये टाचेचा खोलगा पडलेला. तिच्याच टाचेचा.

"हे काय आहे, माहितीये तुला?" तिने ती पट्टी बंटीच्या नाकासमोर धरली.

"आंटी, कसम से, काढताना मी नीरजला विचारलं होतं. बोललो, ये क्या जुगाड है, कुछ काम का है क्या? तो बोलला, पता नहीं यार, बाबांनी कधीतरी काहीतरी बसवलंय, निकाल दे."

सुचेता तिथेच उभी राहिली.

पता नहीं. लहानपणापासून पुढे टाकीवर बसून तारोडीला येणारा पोरगा. शाळेत जाताना, दवाखान्यात जाताना, पहिल्या नोकरीचे पेढे वाटायला जाताना त्याच्या डोळ्यांसमोर ती त्या पट्टीवर पाय ठेवून बसायची. आणि पता नहीं! त्याने पट्टी मुद्दाम काढली असती तर ती भांडली असती, दोन ठेवून दिल्या असत्या आणि संपलं असतं. पण त्याला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही त्याने आईचा पाय कुठे टेकतो ते बघितलं नव्हतं. तिला रडू आलं नाही. रडू येण्याच्या पलीकडचा संताप होता तो.

बाहेर गाडीचा आवाज आला. तिने बघायच्या आधीच ओळखला. रिक्षा कुठे गेली ते महिपतने सांगितलं असणार. बबन हेल्मेट काढत आत आला, "अगं, फोन का नाही उचलत? इथे काय करतेस?" असं म्हणेपर्यंत त्याला तिच्या हातातली पट्टी दिसली.

त्याने पट्टी हातात घेतली आणि त्या खोलग्यावरून अंगठा फिरवला.

"बंटी," तो म्हणाला, "हे परत लाव. आत्ता. सीट पण परत बसव लांबवाली."

"नाही होणार अंकल."

"का नाही होणार?"

"मागची फ्रेम कापलीय ना. दोन वीत कापली. आता मागे आहे तो पाइप फक्त लूकसाठी वाकवलाय, पातळ आहे. त्याच्यावर दुसरा माणूस बसला तर वेल्डिंगमधून तुटेल. खोटं नाही बोलणार. तुम्ही एकटे आरामात चालवा. पण मागे कुणाला बसवू नका, कधीच नका."

"मग वीक पॉइंट काढलेस की घातलेस रे तू?" बबन एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या गाळ्यातले लोक डोकावले. "भोसडीच्या, फ्रेम कापतोस? कुणाला विचारून कापलीस? अक्कल गहाण ठेवलीस काय?"

"त्याच्यावर कशाला ओरडताय?" सुचेता म्हणाली. "त्याला सांगितलं ते त्याने केलं."

"मग नीरजला बघतो आज घरी! त्याला काय वाटलं..."

"त्याच्यावरही नका ओरडू. त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला तर माहीत होतं ना?" तिचा आवाज चढला नव्हता, पण बंटी हळूच दोन पावलं मागे सरकला. "माप तुम्ही घेतलं होतं. सुतळीने. हलू नको म्हणाला होतात. काल चादर निघाली तेव्हा डिस्क बघितलीत, लाइट बघितली, टायर बघितला. चक्कर मारून आलात. हसलात. फोटो काढलेत. मी तिकडे ओट्यावर पाठ करून उभी, हात मागे करून, सगळी बिल्डिंग हसतेय. तेव्हा आठवलं तुम्हाला?"

बबनचे डोळे भरले. तिने ते बघितलं आणि तरी तिचा राग उतरला नाही. उतरावा असं तिला वाटलंही नाही. आजवर कितीदा उतरवला होता, लगेच, त्याने पाणी मागायच्या आत.

"चल घरी," तो म्हणाला. "आपण बघू काहीतरी. दुसरी गाडी घेऊ, स्कूटर घेऊ, तिला..."

"मला तारोडीला जायचंय. फिलोमीनच्या नातवाचं बारसं आहे."

तिने त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली, काठी घेतली आणि थांबलेल्या रिक्षाकडे निघाली. चढताना रिक्षावाल्याने हात पुढे केला. "नको भैया, मैं बैठेगी," ती म्हणाली आणि दांड्याला धरून बसली. पट्टी खाली ठेवली, नीट सरळ केली आणि डावा पाय वर टेकवला. बरोबर टेकला. उजवा खाली, डावा वर. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

"तारोडी चलो. उत्तन के उधर."

रिक्षा निघाली आणि मागून गाडीही निघाली. रेल्वेचा पूल ओलांडून भाईंदर वेस्टला उतरली, मुर्धा गेलं, राई गेलं, दोन्ही बाजूंना मिठागरं लागली. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. पण कान कुठे बंद करता येतात? इंजिन चांगलं चालत होतं. मान्य करायला हवं, पूर्वीपेक्षा खूपच चांगलं.

मोर्व्याच्या अलीकडे रस्ता खोदलेला होता. सगळी वाहनं रांगत चालली. बबनने गाडी रिक्षाच्या शेजारी आणली. एकटा, ताठ, पाटावर बसलेला. मागे जागाच नव्हती, तरी सवयीने पुढे सरकून बसला होता.

खड्ड्याखड्ड्याला मागून आवाज येत होता. टक. टक. टक. सुचेताने तो पहिल्याच खड्ड्यात ओळखला. नवी चेन सैल पडली होती, आणि कव्हर काढल्यामुळे उघडी पडून खालच्या नळीवर आपटत होती. तिचा उजवा हात उठला, दोनदा थाप मारायला, आणि रिक्षाच्या दांड्याला लागला.

बबननेही ऐकलं. त्याने मान किंचित मागे केली, नेहमीसारखी, आणि मागे कुणी नाही हे लक्षात आल्यावर रिक्षाकडे वळून विचारलं, "काय वाजतंय गं?"

सुचेताने त्याच्याकडे बघितलं. उघड्या चेनकडे बघितलं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी थोडीच मागे बसलेय."

मग तिने रिक्षावाल्याला पुढे घ्यायला सांगितलं आणि पट्टीवरचा पाय घट्ट दाबून धरला, कारण पुढचा रस्ता आणखी खराब होता.